आईच्या दिव्याचं झाड

ऑलिव्हच्या पानाची करपलेली कड आज माझ्या मोजणीच्या यंत्रावर चार मिलिमीटर भरली. गेल्या रविवारी ती तीन होती. आईच्या थडग्यावरचा दिवा याच झाडाच्या तेलावर जळतो, म्हणून माझे बाबा, ओरोन्झो, रोगट फांद्या छाटून तीन वर्षं त्याला जपत होते. इटलीच्या दक्षिण टोकाला, आमच्या सगळ्या सालेन्तोत, याच रोगाने ऑलिव्हची झाडं वाळली होती. हेही वाचणार नाही, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं, पण बाबांना सांगायचा धीर झाला नाही.

“बघा शास्त्रज्ञबाई, नवा कोंब!” बाबा म्हणाले. “तुमच्या यंत्राला दिसतो का?”

कोंबाचं टोक तपकिरी होतं. बाबांनी ते अंगठ्याने झाकलं.

“पुढच्या वर्षी सावरेल ना गं?”

“नाही बाबा,” मी म्हणाले. “आज बुंध्यापासून कापू या, आणि मुळावर या रोगाला टिकणाऱ्या दुसऱ्या जातीचं कलम करू या.”