तीन बोटांचा थांबा

सासऱ्यांनी युकुलेलेची मान डाव्या मुठीत अशी काही आवळली, की तिला वाटलं, आता हे बिचारं जीव सोडणार.

"बाबा, सैल धरा. गिअर नाहीये तो."

"गिअर असता तर बरं झालं असतं. गिअर कुठे पडतो ते न बघता कळतं." त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि तारांकडे वाकून पाहिलं. "इथे सगळ्या बोटांना एकाच सीटवर बसायचंय."

सतरंजीवर बसलेल्या ठकूने डब्याचं झाकण जमिनीवर आपटून आजोबांना दुजोरा दिला. ठकू म्हणजे तिची लेक, वर्षाची व्हायला आलेली. खरं नाव जन्माच्या दाखल्यावर होतं. घरात ते कुणाच्या तोंडात बसलंच नव्हतं.

सोमवारी ती कामावर रुजू व्हायची होती. शहराच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती होती, आणि बाळंतपणाची रजा एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदाही झाली होती. आता साहेबांनी फार गोड आवाजात विचारलं होतं, की मग सोमवारी भेटू ना? इतक्या गोड आवाजाला नाही म्हणण्याची सोय नसते. नवरा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. पहाटे जायचा, तो दिवेलागणीला यायचा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. राहता राहिले सासरे. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेले, धडधाकट, आणि नातीवर जीव टाकणारे. भरवणं, न्हाऊ घालणं, लंगोट बदलणं, सगळ्या परीक्षा ते पास झाले होते. अडलं होतं ते दुपारच्या झोपेपाशी.

ठकू दुपारी झोपायची ती फक्त युकुलेलेवर. हे खूळ तिनेच लावलं होतं, दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. धाकट्या भावाने कधीतरी हौसेने दिलेलं ते गिटारीच्या पिल्लासारखं वाद्य कपाटावर धूळ खात पडलं होतं. ठकू तान्ही असताना एका दुपारी रडून रडून निळी पडायला आली, तेव्हा काहीच सुचेना म्हणून तिने ते खाली काढलं. मोबाईलवर "शिकायला सोपी लोकप्रिय गाणी" असं शोधलं आणि दोन कॉर्डचं, म्हणजे बोटांच्या दोनच ठेवणींचं, पहिलं गाणं वाजवायला घेतलं. ठकू गप्प झाली. बुडत्याला काडी मिळावी तशी ती त्या पानाला चिकटली. दोन कॉर्डची गाणी झाली, तीनची झाली; कॉलेजात असताना सगळ्या वर्गाने पाठ केलेली झाली, साबणाची जाहिरातसुद्धा झाली. ठकू सगळी ऐकून घ्यायची, पण झोपायची एकाच गाण्यावर. ते होतं जुनं नावाड्याचं गाणं; पहिलं कडवं सगळ्यांना येतं आणि दुसऱ्यापासून सगळे नुसते गुणगुणतात, तसलं.

दुपारची झोप हुकली की ठकूची संध्याकाळ म्हणजे शिमगा. रडून ओकायची, मग भुकेने पुन्हा रडायची. तिने स्वतःचं वाजवणं मोबाईलवर भरून ठेवून पाहिलं होतं. ठकू रांगत मोबाईलपर्यंत गेली, तो उलटा करून आई मागे आहे का ते तिने बघितलं, आणि आई नाही म्हटल्यावर जे भोकाड पसरलं ते शेजारच्यांनी दार वाजवेपर्यंत.

तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. रविवारपर्यंत आजोबांच्या वाजवण्यावर ठकू झोपली, तर जायचं. नाहीतर साहेबांना कळवून मोकळं व्हायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू." भूकंप झाला असता तरी तो बघूच म्हणाला असता.

सासऱ्यांनी मात्र कंबर कसली. सकाळी चहाबरोबर बसायचे ते जेवायची ताटं मांडेपर्यंत. एका बोटाची कॉर्ड लगेच आली. दोन बोटांचीही आली. तिसरी मात्र तीन बोटांची होती, त्रिकोणात बसवायची, आणि त्यांचं प्रत्येक बोट शेजारच्या तारेवर अतिक्रमण करायचं. त्यांनी मनगट वाकवून पाहिलं, कोपर बाहेर काढून पाहिलं, उभं राहून पाहिलं. बोटांची टोकं लालभडक झाली. आणि शनिवारी सकाळी ती भांडी लावत असताना बाहेरून सबंध गाणं ऐकू आलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सपाट रस्त्यावरून गाडी जावी तसं. तिच्यापेक्षा चांगलं. तिला बरंही वाटलं आणि कुठेतरी मुंगीही चावली.

दुपारी चाचणी. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. हातात फडकं, उगाच. खोलीत गाणं सुरू झालं. ठकू आडवी झाली, अंगठा तोंडात गेला, पापण्या जड झाल्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती ताडकन उठून बसली. आजोबांनी पुन्हा आडवी केली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी बसली. असं किती वेळा झालं कोण जाणे.

"अगं," आतून सासऱ्यांचा आवाज आला, "ही दर वेळी त्याच जागी उतरायला बघते."

शेवटी तिनेच आत जाऊन युकुलेले घेतलं. सासरे उंबऱ्याशी बसून ऐकत राहिले. ठकू दोन कडव्यांत झोपली. तिने नेहमीप्रमाणे तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासला, पांघरूण सारखं केलं, परत बोट धरलं. चहा पुढ्यात आल्यावर सासरे बशीत बघत म्हणाले,

"तू तिथे थांबतेस."

"कुठे?"

"तीन बोटांच्या आधी. बोटं जमवेपर्यंत गाडी उभी असते."

तिचा चेहरा उतरला. तिने उठून युकुलेले हळूच उचललं आणि गच्चीत जाऊन वाजवून पाहिलं. खरंच होतं. दोन बोटांवरून तीन बोटांवर जाताना गाणं चक्क थबकत होतं, आणि ती फट लपवायला ती नकळत एक लांब "हं" भरत होती, श्वास सोडल्यासारखा. इतके महिने! एका बाटलीतलं पाणी खात्री होईपर्यंत तपासणारी ती, आणि ही चूक तिच्या कानांना कधी जाणवलीच नव्हती. ठकूच्या लेखी मात्र गाणं हेच होतं. त्या फटीत तीही आईबरोबर श्वास सोडायची आणि दर फटीला झोपेत थोडी आणखी खाली उतरायची. ती फट गेली तर उतरणार कुठून?

ती खाली आली.

"बाबा, मग तुम्हीही थांबा ना तिथे."

"ते नाही जमायचं." ते अपराधी चेहऱ्याने हसले. "थांबा नसताना उभं राहायचं नाही, हे हाडांत गेलंय. लोक हात करायचे, मागून शिव्या घालायचे. एकदा तर खुद्द तुझी सासू सिग्नलपाशी उभी होती भाजीची पिशवी घेऊन. नाही थांबवली. आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

तरी त्यांनी प्रयत्न केला. संध्याकाळभर केला. पण त्यांचं थांबणं म्हणजे रस्त्यात म्हैस आडवी आल्यावर दाबलेला ब्रेक. गाणं गचका खाऊन उभं राहायचं आणि ठकू खदखदून हसायची. आजोबांनी नवा खेळ काढलाय अशी तिची समजूत झाली. झोप कसली, ती टाळ्या पिटू लागली. नवरा आला तेव्हा ती जेवायला वाढता वाढता म्हणाली, की आपण काही सोमवारी जात नाही. तो बघू म्हणणार एवढ्यात त्याने वडिलांकडे पाहिलं आणि घास तोंडात घातला. जेवण झाल्यावर सासरे सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ चष्मा पुसत बसले.

रविवारी दुपारी ते कुणी न बोलावता आले, युकुलेले उचललं आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून, दोघींकडे पाठ करून बसले. ठकू गादीवर. ती गादीशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून. आज नीट लक्ष ठेवायचं तिने ठरवलं होतं. ठकूचा अंगठा कधी सैल पडतो, डोळा कधी मिटतो, मिटलेला पुन्हा उघडतो का, सगळं बघायचं आणि मगच काय तो निकाल.

पहिली ओळ गेली. दुसरी संपत आली. तिने श्वास रोखला.

"पाण्याची टाकी," सासरे हलक्या आवाजात म्हणाले.

आणि गाणं थांबलं. गचका न खाता, कडेला अलगद लागल्यासारखं. पिशवी सावरत कुणीतरी खाली उतरेल एवढा वेळ गेला. मग तीन बोटं तारांवर बसली आणि गाडी पुढे निघाली.

ठकूने अंगठा तोंडातच ठेवून मान जराशी उचलली, खिडकीकडे पाहिलं आणि परत खाली टाकली.

"जुनी शाळा."

हे त्यांनी चालीवर म्हटलं नव्हतं. पेंगलेल्या उतारूला त्याचं ठिकाण आल्याचं सांगावं, शेजारच्याची झोप न मोडता, तसं म्हटलं होतं. तिच्या लक्षात आलं, ही त्यांची जुनी फेरी आहे. नावाडी आपला नदीतून चालला होता आणि सासरे त्याला शहरातून नेत होते.

"टपाल कचेरी."

ठकूने श्वास सोडला. अंगठा अजून घट्ट होता, हे तिने पाहिलं. डावी पापणी आधी मिटते, हेही तिने पाहिलं.

"दवाखाना. मागचं दार."

कॉलेजला जाताना तीही अशीच खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसायची. कुणीतरी दुसरं चालवतंय, आपण नुसतं बसायचं. टेकडीवरचा चढ आला की इंजिनाचा आवाज जाड व्हायचा आणि काच कपाळाला गुदगुल्या करायची. वळणावर चिंचेचं झाड होतं, त्याच्या फांद्या टपावर घासायच्या.

"सुतारांची गल्ली," कुणीतरी खूप लांबून म्हणालं.

जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी कपाटावरून उतरून भिंतीच्या कोपऱ्यात गेली होती. मान आखडली होती. गाल गादीच्या कडेवर, आणि गालाखाली ओला डाग; तो ठकूचा नव्हता. ठकू तिच्या दंडावर एक पाय टाकून हातपाय पसरून झोपली होती, अंगठा केव्हाच सुटून बाजूला पडलेला.

गाणं चालूच होतं. फार सावकाश, तारांना नुसता स्पर्श केल्यासारखं.

"बाबा," ती कुजबुजली. "कधी झोपली ही?"

"कुणास ठाऊक." ते वळले नाहीत. "तू आधी की ती आधी, तेही नाही सांगता यायचं. चालवताना मी मागे बघत नाही."

"मग अजून वाजवताय कशाला?"

"बंद केलं तर तुमच्यातली एक तरी उठेल, म्हणून. आगार येऊन गेलं, परत फिरलो, पुन्हा आलं." त्यांनी डावा हात हवेत झटकला आणि परत तारांवर ठेवला. "आता करू का बंद? बोटांची सालं निघायला आलीत."

उद्याचे कपडे दोरीवरच होते, इस्त्री व्हायची होती. घड्याळाला गजर लावायचा होता. साहेबांना काय सांगायचं त्याची वाक्यं तिने सकाळी जुळवून ठेवली होती, ती आता आठवता येईनात. तिने ठकूचा पाय दंडावरून काढला नाही. उशीचं मोकळं टोक तेवढं आपल्याकडे ओढून घेतलं.

"एवढी फेरी पुरी करा," ती म्हणाली, आणि कूस वळली.