मागच्यांनी माफ करावं

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या गळ्याचा भरवसा नसेल तर कुसाबाईच्या गळ्याची शप्पथ, तिचा गळा माझ्यापेक्षा मोठा आहे, सगळ्या जेल रोडला ऐकू जातो. पुढं बिबट्या येणार आहे. ज्याला तो खोटा वाटेल त्यानं आत्ताच उठून चहा ठेवावा, माझाही ठेवावा.

मी यशोदाबाई. गंगापूर रोडला प्रफुल्लच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. नात चैताली. तिच्याकडं एक सायकल आहे. हँडल एडक्याच्या शिंगासारखं वाकडं, टायर माझ्या अंगठ्याएवढे बारीक, आणि वजन एवढं कमी की मी एका हातानं उचलून बाल्कनीत ठेवते. बरं, दोन हातांनी. पण ठेवते. तिला ना स्टँड, ना कॅरिअर, ना चेनकव्हर, ना मडगार्ड. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "अगं, हिचे कपडे कुठं गेले?"

"रोड बाईक आहे आजी. अशीच असते."

"नागडी?"

"आजी!"

आता खरी गोष्ट. आमची जुनी वसाहत जेल रोडला. चैतूचे आजोबा पाटबंधारे खात्यात कारकून, ऑफिस पार गंगापूर रोडच्या टोकाला. नाव झुंबर. मी आयुष्यात कधी तोंडानं घेतलं नाही, लिहायला हरकत नाही. आषाढ पौर्णिमेला आम्हा बौद्धांचा वर्षावास सुरू झाला की आमच्या विहारात तीन महिने रोज संध्याकाळी सहाला ग्रंथवाचन असतं. एकवीस वर्षं ते वाचन यांनी केलं. ऑफिस सुटलं की सायकलवर टांग टाकायची, पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि भर पावसातून जेल रोड गाठायचा. एक दिवस चुकला नाही. अंगावर चिखलाचा ठिपका नाही. कारण त्यांच्या सायकलला लोखंडी मडगार्ड होते, हे असे रुंद, आणि खाली रबरी फ्लॅप. तरी कधी डबक्यातून सायकल गेली आणि कुणावर उडालंच, तर मान न वळवता ओरडायचे, "मागच्यांनी माफ करावं!" सगळ्या रस्त्याला ते वाक्य पाठ झालं होतं.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. नंतर एक रिटायर मास्तर वाचायचे, यंदा त्यांना मोतीबिंदू झाला. मग विहाराच्या कमिटीनं चैतूचं नाव काढलं, वाचते खणखणीत म्हणून. पोरगी हरखून गेली. कंपनीतून चारला येते, म्हणाली, आजोबांसारखी रोज सायकलनंच जाईन. पण महिला मंडळाची अध्यक्ष कुसाबाई. ती सटाण्याकडची, आमची चाळीस वर्षांची शेजारीण आणि चाळीस वर्षांचं भांडण. तिचा फोन आला.

"यशोदे, गेल्या सालच्या पौर्णिमेला तुझी नात आली ती ध्यानात शे ना?"

ध्यानात कसं नसेल. चैतू गेल्या वर्षी याच सायकलवर पांढरा ड्रेस घालून गेली होती. पुढून बर्फी. मागून कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा, खारीसारखा तपकिरी पट्टा. बसली पहिल्या रांगेत. सगळी वंदना संपेपर्यंत मागची पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती, आणि हिला शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

"तर ऐक," कुसाबाई म्हणाली. "पहिल्या दिवशी सहाच्या आत पाहिजे, आणि पांढरं ते पांढरंच पाहिजे. नाय तर त्या आसनावर आमची शुभांगी बसंल. तुम्ही आता गंगापूर रोडवाल्या झाल्या. पावसात तीन महिने रोज कोण येतंय?"

फोन स्पीकरवर होता. चैतू समोर उभी. पट्ट्याचं तिला काही वाटलं नाही, पण ते 'गंगापूर रोडवाल्या' तिला लागलं. मलाही लागलं, पण मी कुसाबाईला ते कळू दिलं नाही, घसा खाकरून फोन ठेवला.

प्रफुल्ल म्हणाला, "मी रजा टाकतो, कारनं सोडतो."

"आणि उरलेले एकोणनव्वद दिवस, पप्पा?"

"मग तिथं जाऊन कपडे बदल."

"कुठं? एकच हॉल आहे, आणि पावणेसहाला सगळी वसाहत त्यात बसलेली असते."

प्रफुल्लनं गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. तो लवकर हार मानतो.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी एक लांबडं पार्सल आलं. चैतूनं हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, सायकल उलटी केली आणि मला म्हणाली, "आजी, क्लिपवाले आलेत बघ. क्लिप लावल्या की काम झालं."

मी म्हटलं, "क्लिपा ना? एवढ्यासाठी पैसे कशाला घातलेस? घरात आहेत की." आणि आत जाऊन शिवणाच्या डब्यातून आणून तिच्या हातावर ठेवल्या. दोन स्टीलच्या क्लिपा, अर्ध्या बांगडीसारख्या. हे सायकलवर बसताना पँटच्या पायांना घोट्यापाशी लावायचे, चेनमध्ये अडकू नये म्हणून. विहारात पोचले की काढून खिडकीत ठेवायचे, मग चष्मा, मग ग्रंथ. हा क्रम.

चैतूनं त्या उलट्यापालट्या केल्या. "हे काय आहे? केसांना लावायचं?"

"पँटला."

"आजी, मी मडगार्डच्या क्लिपबद्दल बोलतेय!"

पार्सलमधून निघाल्या दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, उसाच्या चिपाडासारख्या, बारीक दांड्या आणि रबरी पट्टे. हिच्या सायकलला स्क्रू लावायला भोकच नाही, म्हणून ते पट्टे ओढून नळीभोवती कवटाळायचे आणि क्लिपमध्ये अडकवायचे. पाहुणा आल्यासारखं. उन्हाळ्यात काढून ठेवायचं. मी म्हटलं, "आमच्या वेळी मडगार्ड सायकलबरोबरच जन्माला यायचा."

चैतूनं एक लावला, चाक फिरवलं. खर्र. सैल केला. खडखड. पुन्हा ताणला. खर्र. टायर आणि ब्रेक यांच्यात जागा जेमतेम, त्यात हा प्लास्टिकवाला घुसवायचा. तासभर हेच चाललं. शेवटी मी माझी करंगळी मध्ये घातली आणि म्हटलं, "एवढी जागा सगळीकडून सारखी ठेव. कुठं कमी नको, कुठं जास्त नको." करंगळीनं माप घेत घेत दोन्ही बसवले. खर्र गेली, पण खडखड थोडी राहिली.

"ही खडखड राहू दे," मी म्हणाले. "हिनंच तुझ्या आजोबांचा जीव वाचवला."

"बिबट्या?" चैतू म्हणाली.

"बिबट्या. तेव्हा गंगापूर रोडला द्राक्षांचे मळे होते आणि मध्ये ऊस. पावसाची संध्याकाळ. हे ऑफिसातून निघाले, तर रस्त्यात मधोमध बिबट्या बसलेला. पाठ यांच्याकडं. आता थांबले तर वाचनाला उशीर. म्हणून थांबले नाहीत. रस्त्यात चिखल, मडगार्डचा एक स्क्रू ढिला, खडखड खडखड. बिबट्यानं मागं वळून पाहिलं. एवढं मोठं वाजणारं जनावर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. उठला आणि बाजूला झाला. बाजूनं जाताना डबकं होतं, त्याच्या तोंडावर चिखल उडाला. आणि हे मान न वळवता म्हणाले—"

"मागच्यांनी माफ करावं."

"अगदी तेच. आणि तो बसला होता ती जागा कुठली माहितीय? आपलं पार्किंग. प्रफुल्लची गाडी लागते तिथंच."

"आजी, मागच्या वेळी बिबट्या दोन होते."

"दुसरी त्याची बायको. ती उसात होती, म्हणून आज नाही धरली."

मग चाचणी. पांढरा ड्रेस खराब करायचा नाही, म्हणून मी उशीचा जुना अभ्रा चैतूच्या पाठीला चार पिनांनी टाचला आणि आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. तिथं पावसाचं डबकं असतंच. चैतू गेली त्यातून. पाठ दाखवली तर अभ्र्यावर पुन्हा खार.

"मागचा फार पुढं सरकवलायस," मी म्हणाले. "शेपूट वर उचललेल्या मांजरासारखा दिसतोय. खाली ओढ." तिनं पट्टे सोडले, मडगार्ड मागं आणला, शेपटीकडची दांडी वाकवली. पुन्हा डबकं. अभ्रा कोरा! मी टाळ्या वाजवल्या. वरून तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पण वाजवल्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे.

पण चैतू खाली बघत होती. पाय घोट्यापर्यंत चिखलात. हे क्लिपवाले मडगार्ड आखूडच, पुढचा पावलांच्या वरच संपतो. सलवारचे पाय चिखलानं माखलेले, उजवा चेनच्या काळ्या तेलानंही. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. "बरोबर बोलली ती कुसाआजी," म्हणाली. "रोज कोण येणार. आजोबांची गोष्ट वेगळी होती."

मला तिचं ते बसणं बघवलं नाही. मी म्हटलं, "ऊठ. आजोबांची गोष्ट वेगळी नव्हती, फ्लॅप वेगळा होता. सकाळपर्यंत थांब."

आणि सकाळी मी माझ्या पेटीतून त्यांचे दोन्ही फ्लॅप काढून दिले. जाड लाल रबर, पुढचा साधा, मागच्यावर पांढऱ्या रंगात त्यांच्या हातचं, 'मागच्यांनी माफ करावं'. चैतूनं ते हातात धरले. नुसती त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. मग सुई तापवून मडगार्डच्या टोकांना भोकं पाडली आणि फ्लॅप बांधले. घोट्यांना त्या स्टीलच्या क्लिपा लावल्या. डबकं. पाय कोरडे. सलवारवर ठिपका नाही.

पौर्णिमेच्या दिवशी मी रिक्षानं पुढं गेले. साडेपाचलाच विहार भरला होता. सगळं पांढरंशुभ्र, अगरबत्त्यांचा वास, आणि दाराशी कुसाबाई, फौजदारासारखी.

"जय भीम, यशोदे. नात?"

"येतेय."

"आमची शुभांगी पण येतेय. स्कूटीवर." म्हणजे स्कूटीला मडगार्ड असतो, हे मला कळावं.

पाऊस थांबला होता, पण रस्ते वाहत होते. पावणेसहा झाले. दहा कमी झाले. माझं लक्ष त्या रिकाम्या आसनावर. चार वर्षं मी तिकडं नीट बघितलं नव्हतं. सहाला पाच कमी असताना बाहेरून आवाज आला. खडखड खडखड. मी डोळे मिटले. खोटं नाही सांगत, एक क्षण मला वाटलं हेच आले.

चैतू दारात उभी राहिली. गाल लाल, केस विस्कटलेले. कुसाबाई तिला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "फिर वं जरा."

चैतू फिरली. सगळी वसाहत माना लांब करून बघायला लागली. पाठ कोरी. सलवार कोरी. कुसाबाई खाली वाकली, आणि तिला क्लिपा दिसल्या. वाकली ती वाकलेलीच राहिली.

तेवढ्यात मागून शुभांगी आली, कुसाबाईची सून. "आई, मी द्वारका चौकापासून हिच्या मागं होते," ती म्हणाली. "म्हटलं आज माझी साडी जाणार. एक थेंब उडाला नाही. आणि मागं काय लिहिलंय बघा ना, मी सिग्नलला हसत होते." मग हळूच म्हणाली, "आणि आई, मला नका हो बसवू तिथं. मला जोडाक्षरं आली की घाम फुटतो."

कुसाबाई तरातरा बाहेर गेली. सायकलपाशी उकिडवी बसली. फ्लॅप हातात घेऊन वाचला, अक्षर न् अक्षर. परत आली तेव्हा तिचा तो मोठा गळा अगदी बारीक झाला होता.

"यशोदे, हा 'ग' झुंबरभाऊचाच शे. शेपटी अशी लांब तेच काढायचे. माझ्या रवीचा शाळेचा अर्ज त्यांनीच लिहिला होता." मग चैतूकडं वळून ओरडली, "उभी काय राहिली? सहा वाजले! बस आसनावर!"

चैतूनं घोट्यांच्या क्लिपा काढल्या आणि खिडकीत ठेवल्या. तिला तो क्रम मी शिकवला नव्हता, नुसता एकदा सांगितला होता. मग ती बसली आणि तिनं पहिलं पान उघडलं. आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

आज चौतिसावा दिवस आहे. एकही चुकला नाही.

आता तुम्ही मघापासून त्या बिबट्याकडं संशयानं बघताय, मला कळतंय. बिबट्या खरा आहे. पार्किंगसुद्धा खरं आहे. एकच गोष्ट मी रचली. आम्ही जेल रोड सोडला तेव्हा यांची सायकल भंगारात गेली, मडगार्ड आणि फ्लॅपसकट. पेटीत काही नव्हतं. ते लाल रबर म्हणजे माझी गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी. पिशवीला दोन बाजू असतात, म्हणून फ्लॅप दोन निघाले. पहाटे उठून कात्रीनं कापली आणि चैतूच्याच पांढऱ्या नेलपॉलिशनं लिहिलं. 'ग'ची शेपटी तीनदा पुसून काढली, तेव्हा कुठं त्यांच्यासारखी आली.

परवा चैतू विचारत होती, "आजी, तुझी शेकायची पिशवी कुठं दिसत नाही?"

म्हटलं, "बिबट्यानं नेली."