खोप्याला तीट

रतनबाईच्या परसात पाय टाकायचा तर मानसानं आधी घरी सांगून यावं, असं गावात म्हनत. ते काय उगंच न्हाई. मागं परसाची मोजनी करायला बन्सी तात्या दोरी घिऊन गेल्ता, तर बाईनं शेनाची भरली पाटी त्येच्या फेट्यावर उपडी केली. तात्या पंच मानूस, गावात वजन. पन त्या दिशी चावडीपासनं घरापातूर पोरं नाकं धरून त्येच्या मागं चालली. तवापासनं तात्या त्या गल्लीनं सुदिक जात न्हवता.

भांडन हुतं दिराशी. दिराचं नाव श्रीमंत. पन आपली भित आन् वैनीची भित यांच्या मधली पट्टी गावल्याबिगर त्येला श्रीमंती वाटत न्हवती. लेकाचं लगीन काढलेलं, खोली वाढवायची हुती. आन् पट्टीच्या बरोबर मधी डाळिंबाचं झाड उभं.

झाड मुक्तानं लावलेलं. मुक्ता म्हंजी रतनबाईची एकुलती लेक. नवरा आधीच गेल्ता, राहिलेली ती एक पोर. कोल्हारला भगवतीच्या जत्रंत हट्ट करून तिनं फोटू काढून घेतला, पुठ्ठ्याच्या रंगवलेल्या इमानात बसून. आन् त्याच साली तापानं गेली. भेटाया आलेल्या म्हाताऱ्या म्हनल्या, "येवढी गोरीगोमटी पोर, आन् फोटू काढताना साधी तीट लावली न्हाईस, रतने?" ते बोलनं तिच्या काळजात कुसळावानी रुतून बसलं. फोटू तिनं चुलीत घातला. कुठं कॅमेरा दिसला की बाई वाट बदलायची.

मग राहिलं ते झाड. दुष्काळ असा पडलेला की प्रवरेच्या वाळूत झिरे खांदून वाटी वाटीनं पानी भरावं लागायचं. तरी अंघोळीचं, भांड्याचं, तांदूळ धुतल्याचं, समदं पानी डाळिंबाच्या बुडाला. श्रीमंत भितीवरनं टोमना मारायचा, "मानसं बिनाअंघोळीची फिरत्यात, आन् हिचं झाड पाटलिनीवानी न्हातंय!"

"तुला आंघोळ घालू का रं?" ती खालनं विचारायची. "शेनाची पाटी हाय अजून."

पंच बसले चावडीवर. गहिनीनाथ आबांनी दोन्हीकडचं ऐकलं आन् पट्टी श्रीमंताची ठरवली. रतनबाई डोक्यावर पदर घिऊन खांबाच्या आडनं बोलली, "पट्टी त्येची तर त्येची. पन झाडात बुलबुलीनं खोपा केलाय, आबा. पिल्लं हायेत उघडी-नागडी. बाळंतिनीच्या घरावर कुऱ्हाड घालायची का?"

आबांनी मान डोलावली. गावची रीतच हुती तशी. खोपा असलेलं झाड कोन तोडत न्हवतं. पिल्लं उडाली की मग काय करायचं ते करा.

"खोटं बोलती!" श्रीमंत उसळला. "दुष्काळानं मानसं गाव सोडून खडी फोडाया गेली, आन् हिच्या घरी पाखरं बाळंत व्हाया येत्यात? रिकामा खोपा हाय, गेल्या सालचा."

"मग जाऊन बघा की कुनीतरी," आबा म्हनले.

समदी बन्सी तात्याकडं बघाया लागली. तात्यानं फेटा दोन्ही हातानं दाबून धरला. "म्या न्हाई. माझा पैला फेटाच अजून वास मारतोय."

कुनीच उठंना. शेवटी आबांनीच तोड काढली. "कोल्हारचा छगन फोटूवाला आना. त्यो ना हिचा, ना त्येचा. फोटूत पिल्लं दिसली तर उडूस्तवर झाडाला हात लावायचा न्हाई. न्हाई दिसली तर श्रीमंता, तू आन् तुजी कुऱ्हाड."

रतनबाईला परसात कॅमेरा नको हुता. पन न्हाई म्हनती तर झाड जातं. खांबाआडनं ती येवढंच म्हनली, "येऊ द्या."

छगन सायकलीवर आला. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर तिपाई. रतनबाई दारातच विळा घिऊन उभी.

"मावशे, विळा कशाला? म्या जावाय हाय का पळून जायला?"

"आत ये. पन फांदीला हात लावलास तर बोट ऱ्हानार न्हाई."

छगननं तिपाई रोवली, आत वाकून बघितलं. खोपा दाट फांद्यांत, वाटीयेवढा. त्यात तीन पिल्लं, अंगावर पिसाचा पत्ता न्हाई, आन् चोची अशा उघडलेल्या की अंगापरीस तोंड मोठं. वर लालबुडी बुलबुली नुसती कालवा करत हुती.

"ही फांदी आडवी येतीया. उजेड पडत न्हाई."

"मग सूर्याला म्हनावं सरक."

छगननं कपाळावर हात मारला. मग कॅमेऱ्याचं झाकन उघडून तिला दाखवाया लागला, गोडीत घ्यावं म्हनून. "हे बघ मावशे, ह्याला दोन डोळं. वरल्या डोळ्यानं म्या बघतो. खालच्या डोळ्यानं ह्यो स्वता बघतो. जे बघतो ते आत धरून ठेवतो. कायमचं."

कायमचं म्हनल्यावर रतनबाईचा हात विळ्यावर घट्ट झाला. मुक्ताला बी असंच धरून ठेवलं हुतं.

"छगनराव!" भितीवरनं श्रीमंतानं हाळी दिली. "च्या घ्या या. तिच्याकडं पानी बी मिळायचं न्हाई तुमाला."

"ऊन जरा वर आलं की काढतो," म्हनून छगन तिपाई तशीच ठेवून च्या प्यायला गेला.

रतनबाई एकटी राहिली. झाडात पिल्लं, झाडासमोर त्यो डोळा. ती आत गेली, कोनाड्यातली काजळाची डबी काढली. लेकरांना लावावी तर बुलबुली जवळ येऊ देईना, आन् मानसाचा हात लागलेलं पिल्लू आई टाकती असं म्हनत्यात. मग ज्याची दिष्ट लागायची त्येलाच तीट लावावी की! तिनं करंगळी काजळात बुडवली आन् खालच्या डोळ्यावर टेकवली. हळूच. गालावर लावावी तशी. मग वाटलं, पिल्लं तीन हायेत, एका बोटानं काय हुतंय? आनखी दोनदा बोट फिरवलं.

छगन आला, वरल्या डोळ्यात बघितलं, खटका दाबला. एकदा, दोनदा. "झकास आलंय!" म्हनला आन् सायकलीला टांग मारली.

फोटू आनाया बाजारच्या दिशी श्रीमंत स्वता कोल्हारला गेला. दुकानावर छगन न्हवता, लगनाच्या गावी गेल्ता. दुकानातल्या मानसानं पाकीट हातात दिलं. श्रीमंतानं वाटंतच फोडलं आन् चावडीपातूर हसतच आला.

"बघा आबा! नीट बघा. पिल्लं दावा मला, म्या मिशी काढतो."

आबांनी फोटू लांब धरला, जवळ धरला. बन्सी तात्यानं उलटा करून बघितला. फोटूत नुसतं धुकं. कडंला फांदीसारकं काईतरी, मधी काळपट डाग. पिल्लं न्हाईत, खोपा न्हाई.

"काय बी दिसत न्हाई, रतने," आबा म्हनले.

रतनबाईनं आपल्या करंगळीकडं बघितलं. नखाच्या कडंला काजळ तसंच हुतं. तिला समदं उमगलं. बोलावं तर म्हनतील, पुरावा हिनंच नासला, कपटी बाई. तिनं हात पदरात घेतला.

"उद्या सकाळी कुऱ्हाड," श्रीमंत म्हनला.

सकाळी त्यो आला. मागं पंच, पंचाच्या मागं गाव. बन्सी तात्या दाराभाईर, सगळ्यात लांब. रतनबाई झाडाला पाठ लावून उभी, हातात विळा.

"बाजूला हो, वैनी."

"पैली माझ्यावर घाल. मग झाडावर."

"आबा, बघा ही! पंचाचा शब्द मानीना!"

आबा कायतरी बोलनार, तवर गल्लीत सायकल दानकन आपटली. छगन घामाघूम होऊन आत घुसला, कॅमेरा छातीशी धरलेला.

"कुनी केलं हे? पाव्हन्याच्या लगनाचा अख्खा रोल गेला माझा! नवरीचं तोंड दिसंना! भिंगाला काजळ फासलंय, काजळ! श्रीमंता, तुझ्या च्यापायी कॅमेरा सोडून गेलो म्या. तूच कुनाला तरी सांगून केलंस!"

"म्या कशाला करू रं भडव्या?"

दोघं एकमेकाच्या गळ्याला लागले. आबांनी काठी आपटली. "गप! रतने, हात दाव."

रतनबाईनं हात पुढं केला. नखातलं काजळ समद्यांनी बघितलं.

"बघा!" श्रीमंत वरडला. "हिनंच! खोटेपना झाकायला!"

"का लावलंस?" आबांनी विचारलं.

"दिष्ट लागू नये म्हनून." ती म्हनली. "माझ्या पोरीला न्हवती लावली."

वर बुलबुली चोचीत किडा घिऊन कवाची अडकली हुती, एवढ्या गर्दीत खोप्यात जाववंना.

आबा श्रीमंताकडं वळले. "रिकाम्या खोप्याला कोन तीट लावतंय रं?"

श्रीमंत मागं पंचांकडं बघाया लागला.

"कुऱ्हाड घरी ने. पिल्लं उडाली की ये."

"उडाली की येतोच," श्रीमंत दात खाऊन म्हनला. "रोज बघीन भितीवरनं."

"बघ की. डोळं फुटूस्तवर बघ," रतनबाई म्हनली. छगन तेवढ्यात नुकसानीचं काढाया लागला, तशी तिनं कोपऱ्यातली शेनाची पाटी नुसती उचलली. छगन सायकलीवर बसला बी.

श्रीमंत खरंच रोज बघायचा. पन फांद्या दाट, आन् झाडाजवळ जायची कुनाची छाती न्हवती. त्येला दिसायची ती नुसती रतनबाई. रोज सकाळी डबी घिऊन झाडापाशी जायची, खोप्याच्या बुडाला करंगळीनं काजळ लावायची, आन् कडाकडा बोटं मोडायची.

असंच एके दिशी ती डबी घिऊन गेली. फांदी बाजूला सारली. खोप्यात एक पीस हुतं, करड्या रंगाचं. बाकी काय न्हवतं. आदल्या दिवशीच गेल्ती तिन्ही, एकामागं एक, तिच्या डोळ्यादेखत.

"अजून उडाली न्हाईत व्हय गं?" भितीवरनं आवाज आला.

रतनबाईनं करंगळी काजळात बुडवली, खोप्याला टेकवली. हळूच.

"दुष्काळाची लेकरं हायेत," ती म्हनली. "लगीच कुठं उडत्यात?"