ओढ्याकडची झडप

कचरा डेपो बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. वर गवत उगवलं होतं, पण ढिगाच्या पोटातून काळं पाणी झिरपायचं काही थांबलं नव्हतं. ते पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर दिवसपाळीला ऑपरेटर बाई एकट्याच असायच्या. त्या दुपारी टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला, पाणी शुद्ध होईना आणि टाकी काठोकाठ भरत आली.

प्लांटचे साहेब गाडीतून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. "बाई, ओढ्याकडची झडप उघडा, जाऊ दे पाणी ओढ्यात. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"खालच्या अंगाला माझ्या नणंदेची विहीर आहे," बाई म्हणाल्या. "आणि ती नसती, तरी उघडली नसती."

"हा माझा हुकूम आहे."

"मग लेखी द्या."

साहेबांनी खिशातलं पेन काही काढलं नाही. बाईंनी मात्र नोंदवहीत लिहिलं, 'साहेबांनी झडप उघडायला सांगितली. मी उघडली नाही.' खाली सही ठोकून वही त्यांच्यापुढे सरकवली. साहेब आल्या पावली परतले.

बाईंनी पंप लावून टाकीतलं थोडं पाणी परत ढिगात सोडलं, फिटरला बोलावलं आणि दोघांनी मिळून ब्लोअरचा तुटलेला पट्टा बदलला. दिवस मावळायच्या आत टाकीत बुडबुडे यायला लागले.

आठवड्याने साहेबांचा मेमो आला. वर्तन उद्धट, खुलासा करा. बाईंनी उभ्या उभ्याच खुलासा लिहिला, 'पुन्हा सांगितलंत, तर पुन्हा हेच करीन.' आणि बाटली घेऊन त्या पाण्याचा नमुना भरायला गेल्या.