वरून उत्तर आलं नाही

मूठ वर केली की थांबायचं, हा इशारा क्रेन चालवणाऱ्या भावोजींना झोपेतही कळला असता. सिमेंटची अवजड लादी साखळ्यांना लटकून खाली येत होती आणि तिच्याखाली तीन मजूर पाया साफ करत होते. खाली उभ्या असलेल्या मेहुण्याने मूठ वर केली. लादी थांबली नाही.

"भावोजी, थांबा."

वॉकीटॉकीवर नुसती खरखर. वर काचेआड भावोजी ताठ बसलेले, हात दांड्यावर, नजर भलतीकडेच. मेहुण्याने धावत जाऊन तिघांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. मागे लादी पायाच्या खड्ड्यात आदळून तडकली.

भावोजी उतरले ते तणतणतच. "इशारा का केला नाहीस?"

"केला. हाकही मारली."

"उगाच माझ्यावर ढकलू नकोस."

ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. मेहुणा त्यानेच जास्त हबकला. हल्ली जेवतानाही घास हातात धरून ते असे थिजत. "यांची तंद्री लागली," असं म्हणून ताई हसायची. तोही हसला होता.

साहेब आले. भावोजींनी मेहुण्याकडे रोखून पाहिलं. साखळी सरकली म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"साहेब, त्यांची शुद्ध हरपली होती. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्यांना वर पाठवू नका."

दवाखान्यात भावोजींची आई डॉक्टरांना बजावत होती, "आमच्यात फिट कुणालाच येत नाही हो. ना माझ्या सासरी, ना माहेरी."

"नसेलही," मेंदूचा फोटो पाहत डॉक्टर म्हणाले. "हे रक्तातून आलेलं नाही, मागून जडलंय. डोक्याला मार लागला होता कधी?"

ताई हळूच म्हणाली, "जिन्यावरून पडले होते. टाके घातले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर."

"जखम वरून भरली, आत मेंदूवर वण राहिला. हे झटके त्याचेच. गोळ्यांनी आवरतील. पण क्रेन बंद."

भावोजींना गोदामात काम मिळालं. मेहुण्याशी त्यांनी अबोला धरला. ताईही तुटक बोलू लागली. तो मात्र रोज सामान न्यायला गोदामाच्या दारात उभा राहायचा.

एके दिवशी भावोजींनी त्याच्या हातातला क्रेनने माल उचलायचा पट्टा ओढून घेतला, उसवलेली कड दाखवली आणि दुसरा दिला.

"राग गेलेला नाही माझा," ते म्हणाले. "पण रविवारी जेवायला ये."