ॲम्ब्रोजचा अंगठा

ॲम्ब्रोज मला फसवतोय, हे माझ्या लक्षात आलं ते एका आकड्यावरून. पंचावन्नचे पस्तीस झाले होते आणि ते मी केले नव्हते.

तीस वर्षं मी अंधेरीत पंपांच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. माल पास करायचा की परत पाठवायचा, हे मी ठरवायचो. कोणाच्या शब्दावर सही केली नाही कधी. लोक मला संशयी म्हणायचे, म्हणोत बापडे. ॲम्ब्रोज तिथेच क्रेनवर होता. दोन टनांचा पंप असा अलगद टेकवायचा की खाली अंडं असतं तरी फुटलं नसतं.

रिटायर झाल्यावर त्याच्या मुलाने, कीथने, त्याला तळहाताएवढा ड्रोन दिला आणि आम्ही दोघं पुन्हा कामाला लागलो. विमानतळ उशाशी, त्यामुळे बाहेर उडवायची सोय नाही. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्यासारखे दहा-बाराजण जमतात. उडवायचा त्याने, सेटिंग करायचं मी. माझ्या हाती रिमोट दिला तर ड्रोन थेट भिंत गाठतो. म्हणजे त्याच्याशिवाय मी नाही आणि माझ्याशिवाय तो नाही. या वयात आपलं कोणावाचून तरी अडतं, आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही लहान गोष्ट नाही. हे मी माझ्या बायकोला, कुंदाला, सांगत नाही, हसेल.

या ड्रोनला स्वतःचा समतोल राखता येतो. अंगठ्याखालची कांडी मधोमध असली की त्याने हवेत सपाट राहायचं. कांडी पूर्ण ढकलली तर जास्तीत जास्त किती अंश कलायचं, ती मर्यादा मी पंचावन्न ठेवली होती. पण गेले दोन महिने आमचा ड्रोन डावीकडे सरकत होता. दर शुक्रवारी मी त्याला जमिनीवर ठेवून नव्याने 'सपाट म्हणजे काय' ते शिकवायचो, शनिवारी ड्रोन आणि बॅटऱ्या चार्जिंगला ॲम्ब्रोजकडे द्यायचो, आणि रविवारी तो पुन्हा डावीकडे. त्यात हा पस्तीसचा आकडा. मी पंचावन्न करून दिला. पुढच्या रविवारी तपासला, पुन्हा पस्तीस.

मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. ॲम्ब्रोज उडवून झालं की हात खिशात घालायचा. हॉलबाहेरच्या टपरीवर आम्ही न चुकता कटिंग घ्यायचो, तेही त्याने बंद केलं. आणि एकदा तो कोपऱ्यात प्रांजलशी हळू आवाजात बोलताना दिसला. प्रांजल म्हणजे आमच्या हॉलमधला सगळ्यात चलाख गडी. मी जवळ गेलो तसे दोघे गप्प झाले. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यात येत्या रविवारी मुलुंडला स्पर्धा होती. ॲम्ब्रोज मला सोडून प्रांजलकडे चालला होता, आणि जाताजाता माझं सेटिंग वाईट ठरवून चालला होता, म्हणजे दोष माझ्या माथी.

शनिवारी सकाळी ड्रोन त्याच्याकडे दिला आणि संध्याकाळी न सांगता त्याच्या गावठाणातल्या घरी गेलो. लॅपटॉप काखेत. ओटीवर तो कॅरम बोर्डापुढे बसला होता, बोर्डावर ड्रोन. मी केबल जोडली आणि आकडा दाखवला.

"हा कोणी बदलला?"

"मी," तो म्हणाला.

नाकारेल म्हणून मी काय काय तयारी करून आलो होतो. ती फुकट गेल्यावर मला जास्तच राग आला.

"प्रांजलने सांगितलं काय? त्याच्याकडे जायचंय तर तोंडावर सांग ना. तीस वर्षं ओळखतोस मला. मागून कसले धंदे करतोस?"

ॲम्ब्रोजने उठून आतला दरवाजा लोटला; आत त्याची बायको पर्पेच्युआ होती. परत येऊन बसला.

"हळू बोल. पर्पेच्युआला यातलं काय माहीत नाय." मग म्हणाला, "हात गेला रे माझा, दत्ता."

मला कळेना.

"पपाचं असंच झालेलं. पहिला अंगठा, मग पूर्ण हात. शेवटी घास पण आम्ही भरवायचो. मी कांडी मधेच धरतो, तुला सांगतो, एकदम मधे. तरी ड्रोन डावीकडे जातो. म्हणजे अंगठा दाबतो आणि मलाच कळत नाय. म्हणून कीथच्या लॅपटॉपवर आकडा कमी केला. अंगठा चुकला तरी ड्रोनने जास्त कलू नये."

"आणि प्रांजल?"

"उद्या तुला पायलट नको? त्याला विचारत होतो, दत्ताचा ड्रोन उडवशील काय."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो, कारण त्याच्याकडे बघवेना. स्क्रीनवर ड्रोनचं चित्र असतं; ड्रोन जसा ठेवला असेल तसं ते दिसतं. ते उजवीकडे कललेलं होतं. रिमोट बंद होता. ॲम्ब्रोजचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तुझा बोर्ड कललाय," मी म्हणालो.

"माझा बोर्ड?" त्या अवस्थेतही त्याला ते लागलं. त्याने सपाटी बघायची पाणसळ आणून बोर्डावर ठेवली, आडवी आणि उभी. बुडबुडा दोन्ही वेळा मधोमध थांबला.

म्हणजे सपाट जागेला आमचा ड्रोन उजवा कल समजत होता, आणि तो काढायला हवेत डावीकडे झुकत होता. त्याला सपाट म्हणजे काय ते शिकवलं कोणी? मी. कुठे? दोन महिन्यांपूर्वी कुंदाने जेवणाच्या टेबलावरून माझा पसारा हाकलला, तेव्हापासून आमच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत, पाइपाच्या तोंडापाशी. त्या गच्चीला उतार आहे. सोसायटीचा सेक्रेटरी असताना मीच कंत्राटदाराच्या डोक्यावर उभा राहून तो करून घेतला होता, पाणी साचू नये म्हणून. पाइपापाशी तर त्याच्याकडून जास्तच करून घेतला. सगळ्या जगाचा माल तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या बुडाखालची जमीन तपासली नाही.

खरं सांगतो, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. याच बोर्डावर ड्रोनला पुन्हा शिकवलं असतं, उद्या तो सरळ उडाला असता, आणि ॲम्ब्रोजने देवाचे आभार मानले असते. माझीच मला लाज वाटून मी बोललो. गच्ची, उतार, सगळं सांगितलं.

त्याने पाणसळ उचलून बाजूला ठेवली.

"दोन महिने," मग म्हणाला. "दोन महिने मी चहा दोन हातांनी पितोय, दत्ता. सकाळी उठलो की पहिला अंगठा बघतो."

"मला विचारायचंस."

"तुला?" तो म्हणाला. "तू लगेच रिजेक्ट केलं असतंस."

मी केबल काढून गुंडाळली. त्याने हात पुढे धरला आणि बघत बसला. हात स्थिर होता. मग डोळे पुसत म्हणाला, "तू आत जा, पाणी पी. मला जरा एकटा सोड."

स्वयंपाकघरात पर्पेच्युआ ताटलीत तळलेल्या माशाचे काटे काढत होती. बारीक काटासुद्धा बोटांनी चाचपून बाजूला ठेवत होती. मला बघून तिने आवाज खाली आणला.

"दत्ताभाऊ, त्याला सांगू नका हं. त्याच्या हाताचं मला कधीचंच कळलंय. चहाचा कप बघते ना रोज. काटे मीच काढून ठेवते, त्याला वाटतं, कोळीणच मासा असा साफ करून देते."

मी तिला गच्चीपासून सांगायला सुरुवात केली. माझं सगळं सांगून होईपर्यंत ती मान खाली घालून काटे काढतच राहिली.