काळोखातला चौकोन

"आई, टीव्ही गेला," ठकी म्हणाली.

टीव्ही नव्हताच तो, आणि गेलाही नव्हता. तपासायला आलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मधोमध अंधूक राखाडी चौकोन उभा होता. त्याच्यावर उजेड मोजणारे दोन मीटर शेजारी शेजारी टेकवलेले, एक जुना, एक नवा.

आतापर्यंत ठकीनं एकही रंग चुकवला नव्हता. चार वर्षांची पोर उंच स्टुलावर बसून पाय हलवत मीटरच्या आधी उत्तरं देत होती. लाल. पिवळा. आजोबांच्या स्वेटरचा. मग चौकोन मंद होत गेले, तसा तिचा आवाजही.

"नीट बघ गं. खरंच गेला?"

"गेला. आता दुसरं लाव ना."

आईनं दुसरं लावलं नाही. ती आकड्यांकडे बघत राहिली. नव्या मीटरनं टुक् करून कधीच शून्य दाखवलं होतं, म्हणजे इथे उजेड नाही. जुना अजून विचारच करत होता. बऱ्याच वेळानं त्यानं एक इवलासा आकडा दिला. उजेड होता. थोडा, पण होता.

फोटो स्टुडिओ, छापखाने आणि दवाखाने यांचे पडदे या दुकानात रंग जुळवायला येत. आतली खोली तिची. काळा पडदा, राखाडी भिंती, एक झाकलेला दिवा. नवा मीटर ठेवायचा की परत पाठवायचा, हे तिनं आज मालकांना सांगायचं होतं. ठकीला मात्र तिनं वेगळ्याच कामासाठी आणलं होतं. घरी सांगितलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आज मीच सांभाळते.

गेले काही दिवस दिवेलागणीला ठकी खोलीच्या उंबऱ्यावर थबकायची. कुणी दिवा लावला की मगच आत. दिवसा पडलेली सुई शोधून देणारी पोर संध्याकाळी भिंतीला तळवा घासत चालायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "अगदी मामावर गेलीय बाई." त्यांना नाक म्हणायचं असायचं. आईला मात्र वेगळंच आठवायचं. तिचा दादाही लहानपणी असाच चौकट धरून उभा राहायचा. घरानं त्याला भित्री भागूबाई ठरवून टाकलं होतं. आता तो भरदुपारीही हात पुढे धरून चालतो, आणि त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

तिनं पडद्याची काच पुसली. वायर बदलली. मीटर काढून पुन्हा टेकवले. नव्यानं परत शून्य सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, हाच खरा असू दे. एक मीटर आणि एक पोर, दोघंही सांगताहेत की इथे काही नाही. एकटा जुनाच आहे म्हणतोय. म्हातारं झालंय ते, चुकत असेल. तिला स्वतःला चौकोन दिसत होता, पण भ्यालेल्या माणसाच्या नजरेचा काय भरवसा?

काळा पडदा सारून मालक आत आले. बाहेरचा लख्ख उजेड त्यांच्याबरोबर आला.

"मालककाका, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय," ठकी म्हणाली.

"बघा, हिला नोकरीवर ठेवायला हवं." मालक हसले. "काय ताई, झाली का परीक्षा? तो जुना म्हणजे आमचे सासरे. काही विचारलं की आधी खाकरणार, मग चष्मा शोधणार, मग उत्तर. हा नवा बघा, जावई. विचारायच्या आत उत्तर."

"बरोबर असतं का पण?"

"जावयाला कोण तपासतं?"

तिला हसू आलं नाही. "साहेब, तो काळा पडदा ओढून घ्या आणि जरा इकडे बघा. चौकोन दिसतोय?"

मालक वाकले. "दिसतोय की. मळकट. का, पडद्यात काही गडबड आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पडदा चांगला आहे."

"मग चेहरा का उतरलाय तुमचा?"

"सकाळपासून अंधारात आहे ना, म्हणून."

"बरं. नवा घ्यायचा का?"

"उजेडातल्या कामाला घ्या. झपाझप उरकेल. अंधारात मात्र तो शोधतच नाही, काही नाही म्हणून मोकळा होतो. दवाखान्यांच्या पडद्यांना जुनाच लागेल."

"आणि तो खाकरत बसला म्हणजे?"

"त्याला वेळ लागतो. पण सापडतं त्याला."

मालक गेले. पडदा पडला. आपलंच वाक्य तिच्या कानात राहिलं. वेळ लागतो. पोर बाहेरच्या उन्हातून आली होती. आत्ताही मालकांनी उजेड आत सोडला होता. डोळे निवायला नकोत का? घाई आपणच केली. प्रत्येक डोळ्याची आपली एक चाल असते, कुणी जावई, कुणी सासरे.

तिनं झाकलेला दिवाही बंद केला. नवा मीटर काढून ठेवला. चौकोन वरच्या कोपऱ्यात सरकवून त्यावर जुना मीटर सोडला, आणि ठकीच्या स्टुलाशेजारी, पडद्याच्या बाजूला, गुडघ्यांवर बसली.

"आई, कुठे आहेस?"

"ही काय, इथेच. आता आपण नुसतं थांबायचं. चौकोन दिसला की सांग."

"लपलाय?"

"हो. पण येईल हळूहळू."

दोघी थांबल्या. तिचे डोळे सरावले, तसा चौकोन तिला जास्तच स्पष्ट होत गेला. कडा दिसल्या, मीटरची लोंबती वायर दिसली, काचेवर राहिलेला आपल्या बोटाचा ठसासुद्धा दिसला. पोरीची मान मात्र भलतीकडेच वळलेली होती.

"दिसला?"

"नाही."

"असू दे. घाई नाही." ती आणखी थांबली. बाहेर कुणी फोनवर खिदळत होतं. "आता गं? आता दिसला, राजा?"

आईच्या आवाजात काय होतं कोण जाणे. ठकीचे हलणारे पाय थांबले.

"हो," ती हळूच म्हणाली.

"कुठे आहे? दाखव बरं."

कोपऱ्यात जुन्या मीटरनं टुक् केलं. त्याला सापडलं होतं.

ठकी आवाजाच्या दिशेला वळली. तिनं बोट पुढे केलं, हवेत थोडं चाचपलं, आणि ते आईच्या गालाला लागलं.

"इथे," ती म्हणाली.

"बरोबर," आई म्हणाली, आणि तिनं ते बोट तिथेच धरून ठेवलं.